पुसण्याआधी वाचा : जुन्या लष्करी होल्स्टरची ओळख आणि किंमत

भिवंडी-कल्याण पट्ट्यात जुनं लष्करी चामडं निघतं, त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या शेजारी लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. युद्ध संपलं, बरॅकी रिकाम्या झाल्या, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प नंबर सांगतात. युद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल लिलावाने बाजारात आला. पट्टे, खोगिरं, पाण्याच्या बाटल्या, दुर्बिणींच्या पेट्या आणि त्यांच्यासोबत रिव्हॉल्व्हरची चामडी होल्स्टरं. दुसरी वाट घरांची. शहापूर-मुरबाडपासून रायगड-साताऱ्यापर्यंत ज्या घरात कुणी सुभेदार किंवा जमादार होऊन परतला, त्या घराच्या माळ्यावर एक लोखंडी ट्रंक असते. घर पाडताना किंवा फ्लॅटमध्ये जाताना ती ट्रंक भंगारात जाते, आणि मग तिच्यातलं होल्स्टर गोदामातल्या ढिगात, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात दिसतं.

असं होल्स्टर हाती आलं की बहुतेक जण आधी ते पुसतात. खोबरेल तेल चोळतात, बुटाचं पॉलिश लावतात, पितळी बटण ब्रासोने लखलखीत करतात. होल्स्टरची किंमत ज्या खुणांवर ठरते त्या याच वेळी पुसल्या जातात. झाकणाखालचं शाईचं नाव, शिक्क्याची उथळ रेघ, बटणाभोवतीचा हिरवा कळंक, हे सगळं वाचून टिपून झाल्याशिवाय ओलं फडकं जवळ आणायचं नाही. पुढची सगळी कृती या एका नियमावर उभी आहे.

आधी आत काय आहे ते बघा

झाकण उघडून टॉर्चने आत पाहा. हात घालू नका. काही होल्स्टरांना काडतुसांसाठी चामडी कड्या किंवा छोटा खिसा असतो आणि त्यात जुनं काडतूस राहून गेलेलं असू शकतं. ते कितीही कळकलेलं असलं तरी जिवंत समजा. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि जुनी दारू घरात ठेवणं धोक्याचंही आहे. वस्तू आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला कळवा. ट्रंकेत रिव्हॉल्व्हरच निघालं तरी हेच. आजोबांचं होतं, वापरात नव्हतं, गंजलेलं आहे, असं म्हणून ते घरात ठेवता येत नाही. ते निकामी आहे की नाही हे ठरवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. चामडी होल्स्टर मात्र शस्त्र नाही. ते निर्धास्तपणे ठेवता येतं, विकता येतं, विकत घेता येतं. वयाची एक अट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सापडलेल्या काडतुसाच्या बुडावर अक्षरं असतात, ती हात न लावता फोटोत टिपता आली तर टिपा. ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरं म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. होल्स्टर इंग्लंडहून आलं तरी ते भारतात वापरलं गेलं याचा तो चांगला पुरावा ठरतो.

साहित्य

दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, कापडी टेप, छोटं लोहचुंबक, लाकडी दातकोरणी, मऊ कोरडा ब्रश, जाड पुठ्ठा, पेन्सिल आणि फोन. हातमोजे लागतील, पण ते तुमच्या हाताच्या घामापासून चामडं वाचवण्यासाठी. फोटो आधी काढा. समोरून, मागून, झाकण उघडून, तळाचा, प्रत्येक बटणाचा आणि प्रत्येक शिक्क्याचा. टॉर्च वरून मारू नका. चामड्याला जवळजवळ समांतर, बाजूने धरा. सपाट दिसणाऱ्या झाकणावर अचानक अर्धं नाव किंवा एखादा आकडा उभा राहतो तो या तिरक्या उजेडातच. हे करताना खोलीतले दिवे मालवा.

रिव्हॉल्व्हरचं की पिस्तुलाचं?

रिव्हॉल्व्हरला फिरणारं चक्र असतं, त्यामुळे त्याच्या होल्स्टरच्या मध्यावर दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. पिस्तूल चपटं, त्याचं होल्स्टरही चपटं, आणि बऱ्याचदा पुढच्या कडेला जादा मॅगझिनचा उभा खिसा शिवलेला असतो. जर्मन लुगरचं होल्स्टर लोक रिव्हॉल्व्हरचं म्हणून विकतात. त्या खिशावरून ते लगेच ओळखू येतं. कवचासारखं गोल, टणक झाकण असलेलं होल्स्टर जपानी असू शकतं. इंफाळ-कोहिमाच्या १९४४ च्या लढाईत आणि पुढे ब्रह्मदेशात भारतीय पलटणी होत्या. तिथून आठवण म्हणून आणलेल्या वस्तू महाराष्ट्रातल्या घरांत आहेत. बहुतेक जपानी होल्स्टरं १९२५ च्या नांबू पिस्तुलाची असतात, पण १८९३ च्या जपानी रिव्हॉल्व्हरसाठीही तशाच गोल झाकणाचं होल्स्टर होतं. म्हणून झाकणावर न जाता आतला फुगवटा पाहा.

आता माप. कुणाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर मागून आणून आत घालून पाहायचं नाही. पुठ्ठ्याने तेच काम होतं. होल्स्टरच्या आत चक्राचा वर्षानुवर्षं दाब पडून एक खळगा झालेला असतो. त्या खळग्याच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण नळीची लांबी. ते अंतर इंचांत घ्या, कारण ही हत्यारं इंचांच्या जगातली आहेत.

चार इंचांच्या आसपास आलं आणि फुगवटा जाड असेल, तर आधी ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या सुरुवातीच्या मार्कांचा, म्हणजे आवृत्त्यांचा, विचार करा. पहिला मार्क १८८७ चा, चौथा १८९९ चा, पाचवा १९१३ चा. सहा इंच आणि जाड फुगवटा म्हणजे बहुधा १९१५ चा मार्क सहा, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश सैन्याचं ओळखीचं रिव्हॉल्व्हर, एकूण लांबी २८६ मिलिमीटर. पाच इंच आणि बारीक फुगवटा असेल तर १९३२ नंतरचं पॉइंट ३८ एनफील्ड किंवा त्याच्या जोडीचं वेब्ली, एकूण लांबी २६० मिलिमीटर. साडेपाच इंच आणि जाड फुगवटा असेल तर कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनचं अमेरिकी पॉइंट ४५ असू शकतं. त्याच्या झाकणावर लंबगोलात ‘यू एस’ ठसवलेलं असतं. या लांबीची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापा आणि अलगद आत सरकवून पाहा. पुठ्ठा खळग्यांत बसला तर ओळख पक्की होते. तो आत खुळखुळला किंवा अडला, तर विक्रेत्याने सांगितलेलं नाव बाजूला ठेवा.

रशियन नागां रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरांबद्दल एक इशारा. ती परदेशी बाजारात भरपूर आहेत, कारण सोव्हिएत कोठारांतून ती गठ्ठ्याने बाहेर आली. समोर काडतुसांचा खिसा आणि कडेला साफसफाईच्या सळीची जागा दिसली तर हे नाव लक्षात ठेवा, आणि त्याला दुर्मिळ वस्तूचा भाव देऊ नका.

शिक्के वाचणे

शिक्के शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. झाकणाची आतली बाजू, पट्टा ओवायच्या कडीच्या मागे, पाठीमागचा वरचा भाग आणि तळाची शिवण. सरकारी मालावर बनवणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष आणि मालकीची खूण असते. ब्रिटिश सरकारची खूण म्हणजे वर टोक असलेला तीन रेघांचा बाण. बाणाच्या दोन बाजूंना ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ असतील तर ब्रिटिश युद्धखातं. बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा. बाणाच्या दोन्ही बाजूंना ‘डी’ असेल तर ऑस्ट्रेलिया. आणि बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर भारत सरकार. ही शेवटची खूण आपल्याकडच्या वस्तूंवर सापडते आणि मला ती फार मोलाची वाटते. ती असलेली वस्तू इथल्या फौजेच्या हिशेबात होती. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने तो माल रीतसर विकून टाकलेला. लिलावातून आलेल्या मालाला ही खूण फार साजते, तिच्यामुळे किंमत उतरत नाही.

गाव म्हणून कानपूर, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, दिसलं तर थांबा. १८५७ नंतर तिथे लष्करासाठी घोड्यांचा साज आणि खोगिरं बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग कूपर ॲलन कंपनीचा मोठा खासगी कारखाना आला. दोन्ही महायुद्धांत भारतीय फौजेच्या चामड्याचा मोठा हिस्सा कानपूरने पुरवला. इंग्रजी मालाच्या मागे धावणारे संग्राहक कानपूरच्या शिक्क्याला कमी लेखत आले आहेत. मी उलट बाजूचा आहे. इथल्या कामगाराच्या हातचं, इथल्या बाभळीच्या सालीत कमावलेलं आणि इथल्याच सुभेदाराने वापरलेलं होल्स्टर महाराष्ट्रातल्या संग्रहात लंडनच्या शिक्क्याहून वरच्या जागी हवं.

शिक्का मुळीच नसेल तर निराश होऊ नका. अधिकारी आपली साधनसामग्री स्वतःच्या खर्चाने घेत, आणि खासगी दुकानाच्या मालावर सरकारी बाण नसतो. अशा वेळी दुकानाचं नाव शोधा. आर्मी अँड नेव्ही या दुकानाने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. फोर्टात काळा घोड्यापाशी तिची इमारत अजून उभी आहे. त्या दुकानाचं नाव झाकणाखाली सोनेरी किंवा दाबलेल्या अक्षरांत सापडू शकतं.

बक्कल किंवा बटणावर मुकुट असेल तर तो १९५० च्या आधीचा माल धरायला हरकत नाही. अशोकस्तंभ असेल तर नंतरचा, कारण ती राजमुद्रा २६ जानेवारी १९५० ला स्वीकारली गेली. ‘महाराष्ट्र पोलीस’ असं काही असेल तर १ मे १९६० च्या आधीचं ते असूच शकत नाही. बाजारात पहिल्या महायुद्धाचं म्हणून दाखवलं जाणारं तपकिरी होल्स्टर पोलिसांचं १९६०-७० च्या दशकातलं निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. ते खोटं नसतं, त्याला चुकीचं वय चिकटवलेलं असतं. त्याचा भाव वेगळा.

चामडं, दोरा, धातू

चामड्याची कापलेली कड भिंगाखाली धरा. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोम क्षारात कमावलेलं आतून निळसर-राखाडी दिसतं. क्रोमची पद्धत व्यापारी प्रमाणावर आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पण क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक. जाड, ताठ लष्करी सामानासाठी सालीचंच चामडं बरीच वर्षं चाललं. म्हणून १९१६ चा शिक्का आणि निळसर कड ही जोडी दिसली की शिक्क्यावर संशय घ्या.

सालीच्या चामड्यातला रस लोखंडाशी भेटला की काळा पडतो. जुन्या होल्स्टरमध्ये लोखंडी रिवेटभोवती काळं वर्तुळ दिसतं ते त्यामुळे. पितळी किंवा तांब्याच्या रिवेटभोवती हिरवा, मेणासारखा थर येतो. चामड्यातली चरबी आणि तांबं यांच्यातून तो तयार होतो आणि त्याला वर्षं लागतात. रिवेट पितळी दिसतो पण त्याच्याभोवती काहीच नाही, चामडं मात्र भेगाळलेलं, अशी स्थिती असेल तर रिवेट नंतर बसवलेला आहे किंवा अख्खी वस्तूच नवी आहे. लोहचुंबक लावा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड आहे.

टाके पाहा. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याची दोन टोकं समोरासमोरून एकाच भोकातून जातात. दोन्ही बाजूंचे टाके सारखे, किंचित तिरके. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा वेगळा, म्हणून एका बाजूचा टाका दबलेला दिसतो. महायुद्धांच्या काळात यंत्राची शिवणही सर्रास होती, तेव्हा यंत्राचा टाका दिसला म्हणून वस्तू नाकारू नका. दोरा पाहा. जुना दोरा अंबाडी-तागासारख्या तंतूंचा, मेण लावलेला. नायलॉनचा दोरा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या होल्स्टरमध्ये असू शकत नाही. सुटलेलं टोक असेल तर त्याचा तुसाएवढा तुकडा काढून चिमट्यात धरा आणि दूर नेऊन जाळा. नायलॉन वितळून गोळी होते, अंबाडीची राख होते. एखाद्याच बाजूला नवा दोरा असेल तर ती जुन्या वस्तूची दुरुस्ती समजा. चांभाराने केलेली साधी दुरुस्ती मला दोष वाटत नाही. तिची तारीख कळली तर ती त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे.

नक्कल

ज्या कानपूरने फौजेसाठी खरी होल्स्टरं शिवली, तिथेच आज जुन्या लष्करी चामड्याच्या प्रतिकृती बनतात आणि जगभर जातात. सिनेमा, नाटक, युद्धाचे प्रसंग उभे करणारे हौशी गट यांच्यासाठी तो सरळ धंदा आहे. गडबड होते ती तिसऱ्या हाताने त्यावर चहाचं पाणी आणि पॉलिश फासून जुनं म्हणून विकलं की.

ओळखायची खूण झिजेत आहे. खऱ्या वापराने चामडं ठरावीक जागी झिजतं. पट्ट्याच्या कडीची आतली बाजू, झाकणाचं बटण ज्या भोकात बसतं त्याच्या कडा, मांडीला घासणारी पाठ, चक्राचा फुगवटा. कृत्रिम म्हातारपण सगळीकडे सारखं पसरतं, आणि आत, जिथे नळीने चामडं गुळगुळीत करायला हवं होतं, तिथे कोरं असतं. बोटाला किंचित थुंकी लावून आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर टेकवा. रंग बोटाला लागला तर तो ताजा आहे. वास घ्या. शंभर वर्षांच्या चामड्याला जुन्या कपाटाचा, थोडा धुळीचा वास असतो. नव्या प्रतिकृतीला रसायनाचा तीव्र वास येतो. शिक्का भिंगाने पाहा. खरा शिक्का रंग आणि झिजेच्या खाली असतो, त्याच्या कडा चामड्यासोबत गोलावलेल्या असतात. नंतर मारलेला शिक्का झीज फोडून वर बसलेला दिसतो.

कुणाचं होतं?

किंमत सगळ्यात जास्त वाढते ती इथे, आणि लोक सगळ्यात कमी वेळ देतात तेही इथेच. साध्या शिपायाच्या हाती रायफल असे. रिव्हॉल्व्हर मिळे ते अधिकाऱ्यांना, सुभेदार-जमादारांना, आणि मशीनगन, रणगाडा, मोटारसायकलचा निरोप्या अशा दोन्ही हात गुंतलेल्या कामांच्या जवानांना. म्हणजे तुमच्या घरात होल्स्टर आहे आणि पणजोबा शिपाई होते एवढंच माहीत असेल, तर पुढचा प्रश्न हा की ते कोणत्या कामावर होते. रणगाडा दलाचं जुनं होल्स्टर जाड सुती पट्ट्याचं, उघड्या तोंडाचं, बाहेर काडतुसांच्या कड्या असलेलं असे. तसं निघालं तर उत्तर वस्तूनेच दिलं. कंबरपट्ट्यासोबत खांद्यावरून जाणारा तिरपा पट्टा असेल तर तो सॅम ब्राउन पट्टा. १८५८ मध्ये पिलिभीतजवळच्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्याने तो काढला आणि पुढे सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात अधिकाऱ्याची ती ओळख झाली. पट्टा, होल्स्टर, काडतुसांची पेटी असा पूर्ण संच असेल तर एकेक वस्तू वेगळी विकू नका.

नाव सापडलं तर ते घरातल्या पदकांशी ताडून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर जवानाचं नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने आपल्या सैनिकांची पदकं कोरी दिली, पण भारतीय जवानांच्या पदकांवर नावं आली. म्हणजे आपल्याकडच्या घरांत पुरावा इंग्लंडमधल्या घरांपेक्षा जास्त आहे. पदकाच्या कडेचं नाव आणि झाकणाखालचं शाईचं नाव जुळलं, सोबत सेवापुस्तिका किंवा गणवेशातला फोटो निघाला, तर ती वस्तू दुसऱ्या कुठल्याही होल्स्टरसारखी राहत नाही. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुतच्या वेढ्यात सापडल्या. अशा पलटणीचं नाव निघालं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल केंद्राला पत्र लिहा, विकायचं असो वा नसो. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. मात्र ऐकीव गोष्ट आणि कागदाचा पुरावा वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. विकताना दोन्ही एकत्र करणं ही फसवणूक आहे.

स्थिती

आतल्या खरखरीत बाजूवरून कोरडं बोट फिरवा. तांबडी भुकटी लागली तर चामड्याला तांबडी कूज लागली आहे. जुन्या सालीच्या चामड्यात हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे आम्ल तयार होतं आणि तंतू तुटत जातात. ती उलटवता येत नाही, थांबवता येते. अशा चामड्याला पाणी लागलं तर ते काळं पडून कडक होतं, म्हणून ओलं फडकं इथे सगळ्यात घातक. तेलानेही भुकटी बांधली जात नाही. अल्कोहोलमध्ये विरघळणारं सेल्युलोजचं द्रावण लावून ती बांधतात, पण ते काम जाणकाराचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

बाकी तपासायचं ते असं. झाकण बिजागरीच्या घडीवर तडकलंय का, बटण मूळचं आहे का, तळाची टोपी शाबूत आहे का, पट्ट्याची कडी कापून जोडलेली आहे का. माझ्या मते घडीवर तुटलेलं झाकण हा सगळ्यात मोठा दोष आणि पॉलिशचा जाड थर हा दुसरा, कारण तो शिक्के झाकतो. बुरशी, धूळ, कळंक हे दोष नाहीत, ते निघतात.

कायदा आणि किंमत

पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंना आता शंभर वर्षं उलटून गेली आहेत. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. परदेशी गिऱ्हाइकाने कितीही चांगला भाव दिला तरी १९१५ चं होल्स्टर कुरिअरने पाठवायचं नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मागता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या मालाने अजून शंभरी गाठलेली नाही.

याचा थेट परिणाम किमतीवर होतो. जे देशाबाहेर जाऊच शकत नाही, त्याची किंमत लंडनच्या लिलावातल्या आकड्याला रुपयांत बदलून मिळत नाही. त्याची किंमत म्हणजे भारतातला संग्राहक जे देईल ते. म्हणून आधी वस्तूचं एका वाक्यात पूर्ण वर्णन लिहा. ‘वेब्ली मार्क सहासाठी चामडी होल्स्टर, कानपूर, १९१७, भारत सरकारचा बाण, मूळ बटण, झाकणाच्या घडीला अर्ध्या इंचाची भेग, नाव नाही.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर किंमत काढायची वेळ आलेली नाही.

मग तशाच वस्तूच्या विकल्या गेलेल्या किमती शोधा. विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा. लिलावाच्या निकालात खरेदीदाराचं जादा शुल्क धरलं आहे का ते पाहा, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. निदान तीन निकाल मिळवा आणि सगळ्यात चढा बाजूला ठेवा. समजा उरलेल्यांवरून ६,००० रुपये हा पाया निघाला. घडीची भेग, बदललेलं बटण, पॉलिश यासाठी एकेक करून कमी करा, आणि प्रत्येक वजाबाकीचं कारण शेजारी लिहा. पूर्ण संच असेल तर वाढवा. नाव आणि पदक जुळत असेल तर हा हिशेब सोडून द्या. तिथे सरासरी लागू पडत नाही. जाणकार संग्राहकांकडून दोन-तीन स्वतंत्र अंदाज घ्या, आणि ज्याला ती विकत घ्यायची आहे त्याचा अंदाज त्यात मोजू नका.

मुंबईत गिऱ्हाईक तीन प्रकारचं असतं. संग्राहक शिक्का आणि कागद पाहून पैसे देतो. सिनेमा-मालिकांना कपडे आणि सामान भाड्याने देणारा ड्रेसवाला पडद्यावर दिसेल तेवढंच पाहतो, त्याला प्रतिकृती चालते. सजावटवाला भिंतीवर लावायला घेतो, त्याला मोडकं स्वस्तात हवं असतं. खऱ्या, नावाच्या वस्तूसाठी पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहा. घाईच्या विक्रीत ती दुसऱ्या-तिसऱ्याकडे जाते आणि तिचं नाव तिथेच हरवतं.

ठेवणी आणि नोंद

आपल्याकडचा पावसाळा चामड्याला मारतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते. भिवंडीत यंत्रमागाचं कोरं मांजरपाट कुठेही मिळतं, ते उत्तम. पण मागावरून आलेल्या कापडाच्या सुताला खळ असते आणि खळीला कसर लागते. दोनदा गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून मगच गुंडाळा. होल्स्टरमध्ये आम्लरहित कागदाचा सैल बोळा भरा म्हणजे आकार राहतो. झाकण पूर्ण दाबून बंद ठेवू नका, घडीवर ताण येतो. भिंतीला लागून, जमिनीवर किंवा पत्र्याच्या माळ्यावर नको, घराच्या मधल्या कपाटात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला उघडून पाहा. बुरशी दिसली तर नाक-तोंड झाकून, घराबाहेर सावलीत, मऊ ब्रशने झाडा. उन्हात घालू नका. हिरवा कळंक दातकोरणीने खरवडा, पण फोटो काढून झाल्यावर, आणि बटणाचा जुना काळवट रंग तसाच राहू द्या.

शेवटी एक कागद करा. वर्णनाचं ते एक वाक्य, मापं, शिक्क्यांची रेखाटनं, फोटोंचे क्रमांक, कुणाकडून कधी आलं, काय ऐकीव आणि काय कागदावर आहे, कोणी काय दुरुस्त केलं. साध्या पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते. एक प्रत होल्स्टरसोबत मांजरपाटात, मात्र चामड्याला चिकटून नाही. दुसरी पदकं आणि सेवापुस्तिकेच्या पाकिटात. विकलं तर पहिली प्रत वस्तूबरोबर जाऊ द्या आणि दुसऱ्या प्रतीवर ती कुणाकडे, कोणत्या तारखेला गेली ते लिहून ठेवा.